आपाचा भोपळा

"हे घ्या. अन् शिक्का मारा," शाहीन आपा म्हणाली आणि घडी घातलेला कागद तिनं माझ्या टेबलावर आपटला.

सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. माझा चहासुद्धा यायचा होता. अकोल्याच्या एमआयडीसीतल्या या कारखान्यात मी एकतीस वर्षं आवक-जावक सांभाळतो. कागद आला की आधी शिक्का, मग क्रमांक, मग वाचन, हा माझा शिरस्ता. साहेब बदलले, कारखान्याचा मालक दोनदा बदलला, शिरस्ता बदलला नाही. त्या मंगळवारी मात्र का कोण जाणे, मी आधी वाचलं.

चार ओळी होत्या. 'मी शाहीन परवीन ताहेर खान, तपासणी विभाग, स्वखुशीने राजीनामा देत आहे. माझी कोणाबद्दल तक्रार नाही. माझी खुर्ची चांगली आहे, ती चंदाला द्यावी. दुसऱ्या कोणी मागितल्यास देऊ नये.'

"आपा, हे काय हाये?"

"वाचता येते ना तुमाले?"

"वाचलं. पन कावून?"

"कावून म्हंजे? तुमीच तर लिवलं फलकावर. निकालनार हाये ना सगळ्याईले? मंग कोनी निकालण्यापरस मीच निघते. इज्जतीनं आली, इज्जतीनं जाईन. शिक्का मारा."

मी शिक्का उचलला आणि तसाच खाली ठेवला. 'शाई वाळली आहे' असं काहीतरी पुटपुटलो. शाई चांगली ओली होती आणि ते तिला दिसत होतं. ती तिच्या टेबलाकडे निघून गेली.

आपाला कारखान्यात सगळे आपाच म्हणतात, साहेबसुद्धा. वय पन्नासच्या पुढे, अंगानं किरकोळ, जीभ कात्रीसारखी. आम्ही जखमेवर लावायच्या पट्ट्या आणि ऑपरेशनमध्ये रक्त टिपायचं जाळीदार कापड, म्हणजे गॉज, बनवतो. वऱ्हाडातला कापूस, आमची मशिनं, आणि माल जातो कुठल्या कुठल्या देशांत. मूळ कंपनी युरोपातली. ती औषधं विकते, दवाखान्यातली यंत्रं विकते, आणि या अवाढव्य पसाऱ्याच्या एका कोपऱ्यात आम्ही चौऱ्याऐंशी माणसं आहोत. माल पेटीत जाण्याआधी आपाच्या टेबलावरून जातो. वर काच, काचेखाली ट्यूबलाइट, आणि काचेवर गॉज. सरकीचा एक कण असला, एखादा धागा सुटलेला असला, तर आपा तो तुकडा बाजूला फेकते. मशीनवाले भांडतात, म्हणतात, एवढंसं तर आहे. आपा म्हणते, "तुमच्या पोटात ठिवू का हे? ठिवू?" तेवीस वर्षं हे चाललं आहे.

मी कागद खिशात घातला, उठलो आणि फलकाकडे गेलो. माझंच अक्षर, आणि माझ्या अक्षराचं गावभर नाव आहे. अर्ध्या अकोल्याच्या लग्नपत्रिकांची पाकिटं मी लिहिली आहेत. सोमवारी लावलेली सूचना अशी होती: 'कंपनीचा वार्षिक निकाल गुरुवारी लागणार आहे. सर्व कामगारांनी दुपारी तीन वाजता हॉलमध्ये हजर राहावे. उपस्थितांना चहा-नाश्ता देण्यात येईल.'

त्यात काय चुकलं होतं? मॅनेजर पियुष साहेबांना इंग्रजीत पत्र आलं होतं की या वर्षी कंपनीचा सालभराचा हिशोब जगातल्या प्रत्येक कारखान्यात कामगारांना दाखवायचा. साहेब पुण्याचे, वय चौतीस, माणूस सरळ. म्हणाले, "खुशालराव, मराठीत नोटीस लावा." मी लावली. रिझल्ट म्हणजे निकाल. दहावीचा लागतो, बारावीचा लागतो, तसा कंपनीचा लागणार.

मग मी तीच ओळ दुसऱ्या कोणाच्या तोंडानं वाचून पाहिली. अमक्याचा निकाल लागला म्हणजे काय हो? तो संपला. 'कंपनीचा निकाल लागणार आहे.' वरून चहा-नाश्ता. म्हणजे जाता जाता तोंड गोड करून पाठवणार.

आणि आपाच्या घरी तर वेगळीच तऱ्हा. तिचा नवरा ताहेरभाई जुन्या शहरात शिलाई मशिनं दुरुस्त करतो. आपानं फलकाचा फोटो त्याला मोबाइलवर पाठवला होता. त्यानं सांगितलं, "निकाल का मतलब निकाल. इसमें समजना क्या है?" मराठीतून गेलं तरी तिथंच, हिंदीतून गेलं तरी तिथंच. दोन भाषांनी मिळून मला एकाच खड्ड्यात घातलं होतं.

तेव्हा कुठे मला कालपासूनच्या गोष्टींचा अर्थ लागायला लागला. तपासणीतल्या चंदानं माझी छत्री परत केली होती. दोन पावसाळ्यांपूर्वी नेलेली छत्री, जानेवारीत. तिथल्याच पार्वताबाईंनी गेटजवळ लावलेली वांगी कोवळी असतानाच सगळी तोडून नेली होती. मशीनवर काम करणाऱ्या योगेशनं भिंतीत ठोकलेला डबा टांगायचा खिळा उपटून खिशात घातला होता. मी पाहिलं होतं आणि म्हटलं होतं, असेल काहीतरी. एकतीस वर्षं कागद वाचणाऱ्या माणसाला माणसं वाचता येत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं.

मी आपाच्या टेबलापाशी गेलो.

"आपा, निकाल म्हंजे रिझल्ट. दहावीचा असते ना, तसा."

तिनं काचेवरची नजर उचलली नाही. "परीक्षा कोनं देली?"

"आँ?"

"परीक्षा देली काय आपन कोनी? मंग निकाल कायचा? भाऊ, तुमी चांगले मानूस हा. पन मले पोट्टीसारखं समजावू नका. माह्या बापाच्या जिनिंगले टाळं लागलं तवा मी अकरा वर्साची होती. सकाळी डबा घेऊन गेला, दुपारी तसाच भरला डबा घेऊन आला. कोनी सांगितलं नाई त्याले. टाळ्यानं सांगितलं. मले नाई पाह्यचं ते."

मी तडक पियुष साहेबांच्या खोलीत गेलो आणि म्हटलं, साहेब, सगळ्यांना एकदा सांगून टाका की कारखाना बंद होत नाही.

साहेबांनी दार लोटलं. "कसं सांगू? मलाच माहीत नाही. गुरुवारी तीनपर्यंत आकडे कोणालाच कळत नाहीत, तसा नियम आहे. आणि खुशालराव, एक कारखाना बंद करणार असं ऐकतोय. कुठला ते ठाऊक नाही. खोटा दिलासा मी देणार नाही."

म्हणजे माझा शब्द चुकला होता, पण भीती चुकलीच असेल असं नव्हतं. खिशातला तो कागद मला एकदम जड वाटला. राजीनाम्यावर शिक्का बसला की तो त्याच संध्याकाळी मुंबईच्या मुख्य कचेरीत जातो, आणि मुंबईला गेलेला राजीनामा परत आल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. कारखाना राहिला आणि आपा गेली, आणि ती माझ्या एका शब्दापायी गेली, तर मी कुठल्या तोंडानं त्या टेबलासमोरून जाणार होतो? मी ठरवलं, गुरुवारपर्यंत शिक्का नाही. मग नोकरी गेली तरी चालेल. तशीही ती जायचीच असेल तर गेली.

पण निदान सूचना तरी सुधारावी म्हणून मी संध्याकाळी बसलो. 'निकाल' खोडला. भरपूर विचार करून शुद्ध, निर्दोष, कुणाला दुसरा अर्थ काढता येणार नाही असा शब्द शोधला आणि ठळक अक्षरात लिहिला: 'गुरुवारी कंपनीचा वार्षिक ताळेबंद सादर होईल.' लांबून पाहिलं. समाधान वाटलं. घरी जाऊन नीट जेवलो.

बुधवारी सकाळी गेटवरच चंदा आडवी आली. चोवीस वर्षांची पोरगी, आपाच्या हाताखाली शिकलेली, तोंडाला कुलूप नाही.

"खुशालभाऊ, काल तरी निकालच लिवला होता. आज तर सरळ टाळंच लावून टाकलं तुमी."

"टाळं कुठी लावलं व?"

"टाळेबंद लिवलं ना. वार्षिक टाळेबंद. म्हंजे आता दर साली लावनार काय?"

मी फलक पाहिला. 'ता'च होता, पण वाचणाऱ्यानं 'टा' वाचायचं ठरवल्यावर माझं वळणदार अक्षर काय करणार? पियुष साहेब मागून आले, त्यांनी वाचलं, चष्मा काढून पुसला आणि अगदी शांतपणे म्हणाले, "खुशालराव, गुरुवारपर्यंत तुम्ही काही लिहू नका."

त्या दिवशी आपा माझ्याशी बोलली नाही. जेवणाच्या सुटीत फक्त एकदा दारात येऊन विचारून गेली, "मारला शिक्का?" मी म्हटलं, रांगेत आहे. रांग कसली आली? टेबलावर एक पाण्याचा ग्लास तेवढा होता. पण काम मात्र तिनं रोजच्यासारखंच केलं. उलट त्या दिवशी तिनं नेहमीपेक्षा जास्त माल बाजूला काढला. योगेश वैतागून म्हणाला, "आपा, कंपनी बुडून राहिली, अन् तू धागे मोजून राहिली." आपा म्हणाली, "कंपनी बुडन. ज्याच्या पोटात हे जाईन तो कावून बुडन?"

गुरुवारी तीनला पॅकिंगचा हॉल झाडून सतरंज्या टाकल्या होत्या. भिंतीवर पांढरा पडदा. मागच्या टेबलावर आलूबोंडे आणि जिलबी, त्यांच्याकडे कोणी बघतही नव्हतं. चौऱ्याऐंशी माणसं दहाव्याला आल्यासारखी बसली होती. आपा दाराजवळ, पर्स मांडीवर घेऊन.

पडद्यावर कंपनीच्या मोठ्या बाई आल्या. गोऱ्या, पिकल्या केसांच्या, चांगल्या हसतमुख. त्या इंग्रजीत बोलायच्या, मग पियुष साहेब सांगायचे.

"गतवर्षाच्या तुलनेत महसुलात सहा टक्के वृद्धी झालेली आहे, तथापि एका कंपनीच्या खरेदीमुळे निव्वळ नफ्यात दोन टक्के घट आहे."

हॉलमध्ये कोणी हललं नाही. फक्त 'घट' तेवढं सगळ्यांना कळलं होतं आणि तोंडं आणखी उतरली होती. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. लिहायची बंदी होती, बोलायची नव्हती. मी उठून उभा राहिलो.

"आइका. माल औंदा जास्त इकला. शंभराचा एकशे सहा. पन कंपनीनं दुसरी एक कंपनी इकत घेतली, म्हनून हाती कमी उरलं. तुमी नवं वावर घेतलं त्या साली घरात पैसा उरते काय?"

"नाई उरत," पार्वताबाई म्हणाल्या. त्यांच्या घरी तेल्हाऱ्याकडे काळी जमीन आहे, त्यांना कळलं.

"पन वावर तर नावावर झालं ना?" चंदानं विचारलं.

"झालं."

"मंग रडून कायले राहिले हे?"

पहिल्यांदा कोणीतरी हसलं. मग साहेब सांगत गेले आणि मी उलगडत गेलो. औषधांचा धंदा घसरला, कारण कंपनीच्या एका मोठ्या औषधाची मक्तेदारी संपली आणि आता तेच औषध दुसरे स्वस्तात विकतात. यंत्रांचा धंदा जिथल्या तिथं. आणि जखमेच्या पट्ट्यांचा, म्हणजे आमचा, अकरा टक्के वर. "म्हंजे मोठ्या भावानं घालवलं अन् धाकट्यानं सावरलं," योगेश म्हणाला. मी म्हटलं, अगदी तसंच. मला खरं सांगायचं तर मजा यायला लागली होती.

मग पडद्यावर एक नवा शब्द आला आणि मोठ्या बाईंचं हसू गेलं. पियुष साहेब वाचता वाचता थांबले. त्यांचे ओठ नुसते हलत होते. सगळा हॉल त्यांच्या ओठांकडे पाहत होता. आपानं पर्सचा पट्टा मुठीत धरला होता. माझा हात आपोआप खिशातल्या कागदावर गेला.

"एक कारखाना बंद होणार आहे," साहेब म्हणाले. "पोर्तुगालमधला. आपला नाही." आणि पुन्हा, जरा मोठ्यानं, "आपला नाही."

कोणी टाळी वाजवली नाही. सगळ्यांनी फक्त श्वास सोडला, आणि तो एवढा मोठा होता की मला ऐकू आला. आपा मात्र तशीच बसून होती. तिला अजून खरं वाटत नव्हतं.

शेवटी एक तक्ता आला. जगभरातल्या चौदा कारखान्यांची नावं आणि प्रत्येकासमोर एक आकडा. अकरा, सात, चार, नऊ. चंदानं बोट नाचवत इंग्रजी नावं वाचली आणि खाली खाली येत एका ठिकाणी थांबली.

"अकोला," ती म्हणाली. "अन् समोर शून्य."

हॉलमधली तोंडं पुन्हा उतरली. चौऱ्याऐंशी माणसांनी शाळेत शून्य कधी ना कधी पाहिलेलं असतं.

"घ्या," योगेश म्हणाला. "साऱ्या दुनियेसमोर भोपळा भेटला आपल्याले."

पियुष साहेबांच्या लक्षात आलं आणि ते एकदम हसायलाच लागले. हसता हसता त्यांना बोलता येईना. मग म्हणाले, "अहो, हे मार्क नाहीत. माल खराब निघाला म्हणून गिऱ्हाइकानं वर्षभरात किती वेळा परत पाठवला, त्याचा आकडा आहे हा. चार कोटी तुकडे गेले आपले. परत किती आले? एकही नाही. चौदा कारखान्यांत फक्त आपला भोपळा आहे."

दाराजवळून शाहीन आपा उठली. ओढणी डोक्यावर सारखी केली, पडद्याकडे बोट केलं आणि म्हणाली,

"तो भोपळा माहा हाये."

मग तिनं खाली बसलेल्या चंदाकडे आणि पार्वताबाईंकडे पाहिलं. "माह्या एकटीचा नाई. तुमचा बी हाये. पन पयला माहा."

पहिली टाळी योगेशनं वाजवली. तेवीस वर्षं भांडणाऱ्या मशीनवाल्यांनी मग एवढ्या टाळ्या वाजवल्या की पडद्यावरच्या मोठ्या बाई पुढे काय बोलल्या ते कोणालाच कळलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी ते लपवलं नाही, लपवायचं काय त्यात.

लोक आलूबोंड्यांवर तुटून पडले तेव्हा आपा माझ्याजवळ आली.

"भाऊ, तो कागद?"

"कोनता?"

"मंगळवारचा."

"मंगळवारी आवक सात कागद. सगळे नोंदले हायेत. त्यात तुमचा नाई. ज्याच्यावर शिक्का नाई तो कागद आलाच नाई."

"एकतीस सालात असं कधी केलं होतं तुमी?"

"नाई."

"बह्याड हा तुमी, पुरे येडे," ती म्हणाली, आणि आधी हसली, मग ओढणीच्या टोकानं डोळे पुसले, मग पुन्हा हसली. मी कागद काढून दिला. तिनं तो पर्समध्ये ठेवला. "फाडत नाई. ताहेरले दाखवते. दोन शब्द मराठी शिकवते त्याले, नाई तं पुढच्या खेपी तलाक देऊन बसंन मले." मी म्हटलं, त्याला माझ्याकडेही पाठवा, आम्ही दोघं मिळून शिकू.

मी जिलबी घेऊन परत आलो तर आपा पडद्याजवळ उभी होती. मोठ्या बाई गेल्या होत्या, तक्ता तसाच राहिला होता. प्रोजेक्टरचा उजेड तिच्या ओढणीवर पडला होता आणि दोन-चार आकडे तिच्या पाठीवर आले होते.

"हे कोनतं गाव?" तिनं एका ओळीवर बोट ठेवलं.

"मेक्सिकोतलं."

"सात?"

"सात."

"बाया नव्या असतीन. शिकतीन हळूहळू." तिचं बोट खाली आलं. "अन् ते बंद करून राहिले ते कोनतं?"

मी शोधून दाखवलं. तिनं आकडा वाचला. एकदा माझ्याकडे पाहिलं, पुन्हा आकडा वाचला.

"दोनच?"

"दोनच."

"साऱ्या सालात दोन? म्हंजे लय चांगली बाई होती टेबलावर." तिनं त्या ओळीच्या मागं-पुढं बोट फिरवलं. "नाव नाई लिवलं तिचं?"

"नावं नसतात आपा. आकडेच असतात."

तिनं मान हलवली. सुट्टीला अजून चाळीस मिनिटं होती. साहेबांनी आज काम नाही म्हणून सांगितलं होतं, तरी ती तपासणीत गेली, बेसिनवर कोपरापर्यंत हात धुतले, आणि काचेखालची ट्यूबलाइट लावली. चंदा हातात आलूबोंडा घेऊन तिच्या मागोमाग आली होती. तो संपवून, हात धुऊन ये म्हणत आपानं तिला दारातूनच परत पाठवलं.